खंडेनवमीला वाजलेली गिटार

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या ग्वाल्हेरात किल्ल्यावरच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात आणि त्या सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. म्हणून आज स्वतःच असलं काही लिहायला बसले याचं मलाच हसू येतंय... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही!

छत्तीसगड वेगळं झालं त्या वर्षीची गोष्ट. आम्ही हरिशंकरपुरममध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा सरकारी नोकरीत. राज्याची वाटणी म्हटल्यावर माणसांचीही वाटणी आली, आणि बाबांच्या नशिबी रायपूर आलं. दिवाळीनंतर सामान हलवायचं ठरलं. मी मात्र इलेक्ट्रिक गिटारपायी वेडी झालेली! शहरातल्या एका बँडला गिटारिस्ट हवा होता आणि ऑडिशन होती दसऱ्याच्या संध्याकाळी. बाबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "घेतलं त्यांनी, तर राहा खासगी बाजारात आत्याकडे. नाही घेतलं, तर गुपचूप रायपूरला चलायचं. मग रडारड नको."

आणि माझं घोडं अडलं होतं ते स्वीप पिकिंगवर. अंगण झाडताना झाडू फिरवतो ना, तसं पिक, म्हणजे तार छेडायची ती चिमुकली पट्टी, एका ओढीत सगळ्या तारांवरून न्यायचं, आणि तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा. माझा व्हायचा पाणी जास्त झालेल्या भातासारखा गिचका. तो झाकायला मी अँपवर, म्हणजे गिटारच्या स्पीकरवर, डिस्टॉर्शनची घरघर वाढवायची, की आणखीच कल्ला. खालच्या शर्मा आंटी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "बिटिया, टीन की छत पे बंदर कूद रहे थे क्या?"

अशात आली खंडेनवमी. आमचं घराणं फौजेतलं, दक्षिणेतून म्हणजे महाराष्ट्रातून आलेलं. त्यामुळे पणजोबांची तलवार त्या दिवशी पूजेत मांडतात. तिच्या शेजारी घरातल्या प्रत्येकाचं आपापलं हत्यार. आईचं शिवणयंत्र, बाबांचं पेन. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. मी गिटार पलंगाखाली सरकवून ठेवली होती, पण आईने ती शोधून काढलीच.

"आई, कल ऑडिशन आहे यार! आज प्रॅक्टिस नाही केली तर मी गेले कामातून."

"तुझं हत्यार हेच ना? मग पूजेत बसेल," आई म्हणाली आणि तिने गिटारच्या मानेला, अगदी वरच्या टोकाशी, तारांवरूनच लाल नाडा घट्ट गुंडाळला. वर हळदकुंकू, अक्षता आणि एक झेंडूचं फूल.

"तलवारीशेजारी हे डबडं!" बाबा पुटपुटले. मी चिडून रडायलाच लागले.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा लाइट गेलेली होती. सगळ्या कॉलनीचीच. अँप पुढच्या खोलीत, खोळ घातलेला, प्लग काढून ठेवलेला. आई पोळी वाढत होती... आणि गिटार वाजली.

अहो, स्वीप! तळापासून वरपर्यंत आणि वरून परत खाली. एकेक सूर वेगळा, निवडलेल्या गव्हासारखा स्वच्छ. आवाज अँपमधलाच, पण डिस्टॉर्शन अगदी जेमतेम. आणि लय किती संथ! बाबांचा घास हातातच राहिला.

"कोण वाजवतंय?"

"बाबा, मी तर तुमच्यासमोर बसलेय!"

तिघंही धावलो. अँपवर खोळ तशीच. पूजेत गिटार तशीच, झेंडूचं फूल तारांवर जिथल्या तिथे. एक अक्षतही हललेली नव्हती. आणि सूर थांबले होते. मनाचा खेळ म्हणावं, तर तेवढ्यात शर्मा आंटी धापा टाकत वर आल्या.

"अरे वाह! आज तो एक-एक सुर साफ़! हम समझे कोई मास्टरजी आए हैं." मग पंख्याकडे बघून म्हणाल्या, "पर बिना लाइट के बजाया कैसे?"

आई देवापुढे जाऊन बसली. मला मात्र भीती वाटलीच नाही, खरंच सांगते. मी आनंदाने नाचायची बाकी होते! कारण माझं काय चुकतंय ते मला कळलं होतं. मी कधी सावकाश वाजवलंच नव्हतं. सूर झाला की बोट उचलायचं, ते मी दाबूनच ठेवायची. गिटारला हात लावायचा नव्हता, म्हणून मी रात्रीपर्यंत लाटण्यावर बोटं फिरवत बसले.

दसऱ्याला सकाळी गिटार हातात आली. नाडा सोडायला गेले तर आई ओरडली, "सोडायचा नाही! आपोआप सुटू दे." तसंच वाजवलं, आणि न दाबलेल्या तारा एरवी मागे गुणगुणत राहायच्या, ती गुणगुण एकदम गप्प. पुढे कळलं की मोठमोठे गिटारिस्ट मुद्दाम तिथे कापड बांधतात. म्हणजे त्याला कारण आहे. आदल्या दुपारला नाही.

ऑडिशनला बँडच्या सलीमभाईंनी ते स्वीप पुन्हा वाजवायला लावलं. मग परत एकदा. म्हणाले, "अब चेक नहीं कर रहा, बस सुनना है." घरी आले तर बाबा दारातच उभे. माझा चेहरा बघूनच समजले. हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाले, "राहा मग." आणि माझ्या खांद्यावरचं ते डबडं स्वतःच उतरवून आत घेऊन गेले.

इतकी वर्षं झाली, डोकं खाजवून थकले. टेपरेकॉर्डर म्हणावं, तर आमच्या घरात नव्हता. वीज नव्हती, माणूस नव्हता. उत्तर मिळालेलं नाही.

मी इथेच राहिले, आईबाबा रायपूरचे झाले. पण दर खंडेनवमीला जेवणाच्या वेळी बाबांचा फोन येतोच. देवळाची पायरी न चढणारा माणूस हळूच विचारतो, "वाजली का गं?"

"नाही बाबा."

"लाइट आहे का तिकडे?"

"आहे."

"मग मेन स्विच बंद करून बघ ना जरा."

मी मेन स्विच बंद करते. मग आम्ही दोघं फोन कानाला लावून ऐकत बसतो.