विहिरीत कॅमेरा न्यायचा तर

कुकरची शिट्टी होत नव्हती. वाफ बाजूनंच फुसफुसत निघून जात होती. देगलूरकडच्या एका विहिरीतली मोटार काढून आम्ही दोघं नवराबायको नुकतेच नांदेडला घरी आलो होतो. भुकेनं माझं डोकं फिरलेलं. मी म्हणालो, रिंग गेली, नवी आण. सुभद्रानं झाकण उघडलं, रबराची रिंग काढली आणि बोट फिरवलं. भाताचं एक शीत चिकटलेलं होतं.

"रिंगचा काय कसूर? तिच्या अंगाला काई लागलेलं चालत न्हाई," एवढं बोलून तिनं कुकर परत लावला. आम्ही वरणभात खाल्ला. दोन दिवसांनी ती झोपेतच गेली. तेव्हापासून कुकर फळीवर आहे. मी खानावळीत जेवतो.

माझं काम बुडी मारायचं. विहिरीत पडलेली मोटार काढायची, गाळात रुतलेला फुटवॉल मोकळा करायचा. फुटवॉल म्हणजे पाईपच्या तळाची जाळीदार झडप, पाणी आत घेणारी. चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून हेच. नळी नाही, टाकी नाही. श्वास धरायचा, कमरेला दोर बांधायचा आणि जायचं. दोराचं दुसरं टोक सुभद्राच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ.

लातूरला दिलेल्या आमच्या लेकीनं, मीनानं, आईला एक छोटा कॅमेरा दिला होता, मुठीत मावणारा. मी उतरायच्या आधी सुभद्रा दर विहिरीवर माझा फोटो काढायची. "वर न्हाई आलात तर हार घालायला फोटो पायजे का न्हाई?" असं तिचं बोलणं. त्या कॅमेऱ्यात मी कितीतरी विहिरींच्या काठावर चड्डीवर उभा आहे. ती एकातही नाही.

ती गेल्यावर पहिलं काम आलं ते लोह्याकडच्या एका गावाचं. पिण्याच्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता. गावातल्या एकाच्या हातात दोर देऊन मी उतरलो. गटाराच्या बाजूला, पाण्याखाली, बांधकामाचे दगड सरकलेले. भोकात कोपरापर्यंत हात गेला आणि बाहेर आला तो काळा चिखल घेऊन. वर येऊन पाणी खात्याच्या इंजिनिअर साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, फोटो पाहिजे, तोंडी चालत नाही. फोटो नसेल तर नुसती ब्लीचिंग पावडर टाकून घेऊ.

"साहेब, हाताला गटार लागलं माझ्या. वास घेऊन बघा."

"वासाचा रिपोर्ट करता येत नाही, काका."

गाव ते पाणी पिऊन राहिलं होतं आणि हा माणूस मला रिपोर्ट शिकवत होता.

मीनाला फोन केला. ती म्हणाली, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. ते करून बघितलं. पाण्याखाली मोबाईलची काच बोट ओळखत नाही. आपोआप कोणालातरी फोन लागला तेवढा. मग उरला सुभद्राचा कॅमेरा. मीना म्हणाली, आतले फोटो मी कॉम्प्युटरवर काढून ठेवते, मग कॅमेरा बुडाला तरी काय बिघडलं? मला राग आला. "बटनाचा रंग तुझ्या आईच्या बोटानं गेलाय. ते कुठं काढून ठेवशील?"

नांदेडच्या दुकानदारानं कॅमेऱ्याची मऊ पिशवी दिली. पाणी आत जात नव्हतं, खरं आहे. पण कॅमेरा चालू केला की त्याचं नाक बाहेर येतं, ते पिशवीत अडकायचं आणि कॅमेरा बंद पडायचा. हे दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, नाक बाहेर न येणारा कॅमेरा घ्या.

मग लातूर. तिथं पहिल्या दुकानात नवा, पाण्यात चालणारा कॅमेरा गळ्यात मारायला निघाले. मी म्हणालो, मला कॅमेरा पाण्यात न्यायची कडक डबी पाहिजे, कॅमेरा आहे माझ्याकडं. क्लासला आलेल्या पोरांच्या गर्दीतून मीनानं मला आणखी तीन दुकानं फिरवलं. अशी कडक डबी ज्या-त्या मॉडेलचीच लागते. कॅमेऱ्याचं बटन जिथं, तिथंच डबीचं बटन. दुसऱ्या मॉडेलची घेतली तर नुसती पेटी होते. आमचं मॉडेल जुनं. शेवटी एका फोटोवाल्याच्या कपाटातून जुनी निघाली, चरे पडलेली. पुढची काच चांगली होती. झाकणाला रबराची रिंग. तो म्हणाला, आधी रिकामी बुडवून बघा. तेवढं एकच शहाणपणाचं बोलणं मला त्या दिवशी ऐकायला मिळालं.

आता माझी अक्कल. पाईप जोडताना आम्ही आट्यांवर सूत गुंडाळतो, वरून सफेदा लावतो. थेंब गळत नाही. जुन्या रिंगेला आधार म्हणून तिथंही सूत गुंडाळलं. आत कोरडा कागद ठेवला, डबी दगडाला बांधून हौदात सोडली. काढली तर कागदाचा लगदा. त्या फोटोवाल्याला फोनवर नको ते बोललो. परत बुडवली. चुकतंय कुठं ते बघायचं म्हणून वाकून बसलो. बुडबुडे झाकणाच्या बाजूनं फुसफुसत निघत होते.

ती वाफ मी पाहिलेली होती.

सूत काढून फेकलं. रिंग काढली, धुतली, सुकवली, बोट फिरवलं. खोबणीतून नखानं एक धागा निघाला. झाकण लावलं. रात्रभर हौदात ठेवली. सकाळी कागद कोरडा.

दुपारी ऊन सरळ विहिरीत पडतं तेव्हा उतरलो. दोर लातूरहून आलेल्या मीनाच्या हातात. तिला दोनदा हिसके शिकवले, तिसऱ्यांदा ती चिडली, "बाबा, लहानपणापासून बघून राहिले मी." खाली फ्लॅश मारला तर गाळ पीठ उडाल्यागत पांढरा दिसला. फ्लॅश बंद केला, गाळ बसू दिला, मग फोटो घेतले. वर येऊन पहिलं काम काय, तर डबीत बघितलं. कोरडी.

साहेबांनी फोटो बघितला. "भोक आहे खरं. पण हे याच विहिरीतलं कशावरून?"

मीनानं माझा दंड धरला. मी साहेबांना म्हणालो, "तुमचं हेल्मेट द्या."

पिवळं हेल्मेट, वर खात्याचं नाव. ते घेऊन परत उतरलो. हेल्मेट सारखं वर पळत होतं. गुडघ्यानं भिंतीला दाबून भोकाशेजारी धरलं आणि बटन दाबलं. साहेबांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग ओलं हेल्मेट हातात घेऊन म्हणाले, चालेल. त्या आठवड्यात विहिरीला कुलूप लागलं आणि गावाला टँकर आला. नंतर गटार वळवलं, भोक बुजवलं. पावडर टाकली ती त्यानंतर.

कोणी विचारलं तर सांगतो. डबी तुमच्याच मॉडेलची घ्या, चरे असले तरी चालतील. आधी रिकामी बुडवा. रिंगेला काही लावू नका, आणि साहेबांचं हेल्मेट आधीच मागून घ्या.

साहेब चालेल म्हणाले त्या रात्री मीना नांदेडलाच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आधी मी फळीवरून कुकर काढला. रिंगेवरून बोट फिरवलं आणि दोघांपुरता भात लावला.