पाठ झालेली बुद्धी

इस्पितळात त्यांना सगळे चाचणीबाई म्हणत. मानसशास्त्र विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून बाईंनी उभी हयात लोकांची बुद्धी मोजली. आकडे उलटे म्हणायला लावायचे, लाल-पांढरे ठोकळे जुळवून घ्यायचे, होडी आणि विमानात सारखं काय ते विचारायचं, आणि गुणांची बेरीज करून ती समवयस्कांशी ताडून बघायची. लेकराचा आकडा शंभर आला की आईबाप हरखून जात, पैकीच्या पैकी मिळाले म्हणून. शंभर म्हणजे फक्त चारचौघांसारखा, हे समजावताना बाईंचा घसा कोरडा पडे. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणत, "अहो, बुद्धी म्हणजे काय यावर या शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मोजायला मात्र सगळे पुढे!"

नवरा टेलरमास्तर. "आमच्या घरात अकलेचा कांदा एकच, आणि तो मी," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. बायकोच्या हुशारीवर इतका खूश असलेला नवरा शोधून सापडणार नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि हळूहळू काहीतरी बिनसलं. मास्तरांची कात्री पिठाच्या डब्यात सापडली. गॅसवर रिकामं पातेलं जळून काळंठिक्कर झालं. एके दुपारी बाई शेजारणीच्या दाराला किल्ली लावत उभ्या होत्या, वर कुलूप बदललं म्हणून मास्तरांवरच उखडल्या. मास्तरांनी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आई माझ्याशी अगदी छान बोलते. तुम्हीच दमला आहात."

शेवटी मास्तर त्यांना त्याच इस्पितळात घेऊन गेले. बाईंच्या जागी आलेल्या तरुण मॅडमनी चाचणी घेतली आणि हसत बाहेर आल्या. "काका, काळजी सोडा. यांच्या वयाचे बहुतेक सगळे यांच्या मागे आहेत."

बायको हुशार ठरली म्हणून ज्याला रडू यावं असे नवरे जगात मास्तर एकटेच असतील. आता औषध नाही की उपचार नाहीत, आणि उद्या तिने गॅस उघडा ठेवला तर? मुलाने निकाल ऐकला आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. "बाबा, एकदा तुमचीच चाचणी करून घ्या ना."

मास्तर बाईंना घेऊन पुन्हा गेले. मॅडमपुढे हात जोडले. "फक्त एकदा, माझ्यासमोर घ्या."

मॅडमनी चाचणीची पेटी उघडली. "टेबल आणि खुर्ची यांत..."

"फर्निचर," बाई म्हणाल्या, आणि थांबल्याच नाहीत. "होडी आणि विमान, वाहनं. डोळा आणि कान, ज्ञानेंद्रियं." न विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, पाढे म्हणावेत तशी ओळीने येत राहिली.

मॅडमचा चेहरा उतरला. "अरे देवा, यांना सगळं पाठ आहे. काका, मी यांची बुद्धी मोजलीच नाही. यांची नोकरी मोजली." त्यांनी पेटी मिटली आणि साधंच विचारलं, "बाई, आज सकाळी काय खाल्लंत?"

बाई गोंधळल्या. "हा प्रश्न यात नाहीये."

मास्तर खरे ठरले होते. इतके दिवस ज्यासाठी ते तळमळत होते ते मिळालं, आणि त्याच क्षणी ते त्यांना नकोसं झालं. देवा, मीच वेडा ठरू दे, असं त्यांना वाटलं.

"बरं, तुमच्या शेजारी बसलेत ते कोण?" मॅडमनी विचारलं.

बाई वळल्या. मास्तरांच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून, नोकरीतल्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका हं. तुम्हीच सांगा, तुम्ही कोण?"

"नवरा," मास्तर कसंबसं म्हणाले.

"छान. कुणाचा?"