दर दोन वर्षांनी भिलाभाऊ

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ झाली होती, म्हणून मी सुरतेच्या डिंडोली भागात गेले. भिलाभाऊंच्या गॅरेजचं शटर खाली होतं. दोनदा हॉर्न वाजवला. शेजारच्या दुकानातला पंक्चरवाला हात पुसत आला, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "मिस्तरी तो गया, बेन. हार्टमां." हार्ट अटॅकनं जाऊन तीन आठवडे झाले होते. गावाकडून पुतणे आले, त्यांनीच सगळं केलं, रक्षा घेऊन गेले. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? मी त्यांच्या नात्यातली नव्हे, गावातली नव्हे. दर दोन वर्षांनी तेल बदलायला येणारं एक गिऱ्हाईक. मी इंजिन बंद केलं नाही, उतरलेही नाही. ब्रेकवर पाय ठेवून त्या शटरकडे बघत बसून राहिले...

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओत गेला. मांडीपासून टाचेपर्यंत आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो. वडील खानदेशातून गिरणीत कामाला सुरतेत आले, मी इथल्याच मराठी शाळेत शिकले आणि पुढे तिथंच शिकवू लागले. रोज रिक्षात चढताना कुणाला तरी म्हणावं लागे, जरा पिशवी धरा, जरा हात द्या. थोरला भाऊ नोकरीनिमित्त नैरोबीत होता. तो परत आला तेव्हा त्यानं आपली जपानी गाडी बोटीनं आणली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. चालवायला फक्त उजवा पाय लागे. दादानं महिनाभर शेजारी बसून मला शिकवलं, आणि पुढं स्वतः कॅनडाला निघून गेला. गाडी मला ठेवली. मी ज्या दिवशी कुणालाही 'हात द्या' न म्हणता शाळेच्या फाटकातून आत शिरले, त्या दिवशी आईनं घरी शिरा केला होता. वडील आधीच गेले होते, दोन वर्षांनी आईही गेली. मग मी आणि गाडी, एवढंच उरलं.

आणि एके दिवशी गाडी अडखळायला लागली. गिअरचा दांडा 'ड्राइव्ह'वर घेतला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एकदम हिसका बसायचा. पुढं वेग बदलताना इंजिन नुसतंच ओरडायचं. मी तीन गॅरेजं फिरले. एकानं सांगितलं, ही गिअरची पेटी सीलबंद असते, तिचं तेल कधी बदलायचंच नसतं. दुसऱ्यानं हात जोडले. तिसरा म्हणाला, पेटी काढून टाकू, साधी क्लचवाली बसवू. तो हे बोलला तेव्हा त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. शेवटी शाळेतल्या शिपाईमामांनी भिला मिस्तरींचं नाव सांगितलं. ते पूर्वी इच्छापोरच्या एका कारखान्यात माल उचलायच्या परदेशी गाड्यांची देखभाल करत. त्या गाड्यांनाही क्लच नसतो.

साठीला आलेला, सुकलेल्या अंगाचा, पांढरी टोपी घातलेला माणूस. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. मला म्हणाले, उधन्यापर्यंत फिरवून आणा, तेल तापू द्या. परत आल्यावर सपाट जागा बघून गाडी उभी करायला लावली, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. दांडा एकेका घरात थोडा थोडा थांबवत पुन्हा 'पार्क'वर आणायला लावला. मग तेल मोजायची कांडी बाहेर काढली, स्वच्छ फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून काढली. माझ्याकडे कोरा कागद मागितला. मी वहीतला फाडून दिला. त्यावर त्यांनी एक थेंब सोडला. हे तेल लाल असायला हवं, डाळिंबाच्या रसासारखं. कागदावर पसरला तो चहाचा डाग. त्यांनी कागद नाकाशी धरला आणि स्वतःशीच म्हणाले, "जळेल शे..." जळलेलं आहे.

अहिराणी. आई गेल्यापासून माझ्या कानावर ती पडलीच नव्हती. शाळेत मराठी, बाजारात गुजराती, शेजारी हिंदी. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मंग आते काय कराणं, भाऊ?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी दुसऱ्या भाषेत कधी बोललो नाही.

सगळं तेल लगेच बदलून टाका, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "एकदम बदलानं नही, ताई." मग समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं जुन्या तेलाची सवय झालेल्या पेटीत सगळं नवं तेल एकदम ओतलं, तर आतला गाळ सुटतो, नको तिथं जाऊन बसतो आणि अडखळणारी गाडी थांबूनच जाते. तशीही खालचं बूच उघडलं की निम्म्याहून कमीच तेल बाहेर येतं, बाकीचं आतच राहतं. तेव्हा तीन वेळा थोडं थोडं बदलायचं, मधे दोन-तीन आठवडे गाडी चालवायची. पहिल्या वेळी त्यांनी पेटीखालचं तेलाचं ताट सोडवलं. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल बसला होता. तो बोटांत चोळून मला दाखवला. नुसता मऊ चिखल असेल तर तो झिजेचा, चालतो. चकाकणारे तुकडे सापडले तर पेटी गेली. तुकडे नव्हते. त्यांनी जाळी बदलली, ताट धुतलं, जेवढं तेल निघालं तेवढंच मापानं मोजून नवं घातलं. कमी पडलं तर पेटी तापते, जास्त झालं तर फेस होतो. आणि तेल कुठलंही चालत नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच लागतं. ते त्यांनी मुंबईहून मागवलं होतं.

दुसऱ्या वेळेची पाळी आली आणि सुरतेत प्लेग आला.

तीन-चार दिवसांत आमचा मजला रिकामा झाला. शाळा बंद. स्टेशनवर माणसं डब्यांना लोंबकळत होती. त्या गर्दीत कॅलिपर लावून मी कुठं शिरणार? दादाचा कॅनडाहून फोन आला, निघ तिथून. धुळ्याला माझी चुलतबहीण होती. गाडीनं जावं असं ठरवलं, पण पेटीत अजून निम्म्याहून जास्त जळकं तेल. डिंडोलीला गेले तर सगळ्या रस्त्यात एकच शटर उघडं. भिलाभाऊ तोंडाला रुमाल बांधून एकटे बसले होते. म्हणाले, एवढ्या लांब, वर कोंडाईबारीचा घाट, हे तेल तापेल. उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा तेल बदललं. मी विचारलं, तुम्ही का गेला नाहीत? ते कांडी पुसत राहिले. "कोनाकडे जाऊ?"

बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, मंगल, धुळ्यालाच दिलेली. मी म्हणाले, मग चला की माझ्याबरोबर. वाटेत तेलही बघता येईल. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालूनच आले.

पहाटे उजाडता निघालो. सोनगडला गाडी थांबवून त्यांनी कांडी बघितली, नवापूरला बघितली, घाट चढून वर आल्यावर पुन्हा बघितली. प्रत्येक वेळी कागद मला दाखवायचे. लालसर तपकिरी. गाडी एकदाही हिसकली नाही. वाटेत त्यांनी मंगलसाठी केळी घेतली.

मंगलचं सासरघर गल्लीच्या तोंडाशीच होतं. मी गाडीतच बसले. भिलाभाऊ फाटकापर्यंत गेले. सासरा ओट्यावरून उठला आणि तिथूनच म्हणाला, सुरतहून आलात ना? घरात लहान पोरं आहेत. आत येऊ नका. आवाज चढवला नाही, घालूनपाडूनही बोलला नाही. भ्यालेला होता. दारात मंगल दिसली, डोक्यावर पदर, कडेवर मूल. तिनं सासूच्या हातात तांब्या दिला, सासूनं तो फाटकाच्या दगडावर ठेवला आणि मागं सरकली. भिलाभाऊ पाणी वरून प्याले, त्यांनी तांब्या पालथा घातला, केळी दगडावर ठेवली. गाडीत येऊन बसले आणि समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "चला ताई. सुरतले."

माझ्या बहिणीचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. मी तिकडे गाडी वळवलीच नाही. तिनं घेतलं असतं की नसतं, मला ठाऊक नाही. तिच्यावर ती वेळ आणावी असं वाटलं नाही. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करून दिवेलागणीला आम्ही ज्या गावातून सगळे पळत होते त्याच गावात परत आलो. सबंध वाटेत ते एवढंच बोलले, "पोर बरी दिखनी." गाव इतकं शांत होतं की इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येत होता. आपल्या खोलीकडे जायला गोडादऱ्याच्या वळणावर उतरताना म्हणाले, वीस दिवसांनी तिसरं तेल, विसरू नका.

विसरले नाही. त्यानंतर दर दोन वर्षांनी. माझी गाडी फार धावत नाही, पण सुरतेचा उकाडा आणि थांबत थांबत चालणारी वाहतूक, यात तेल बसल्या जागी म्हातारं होतं असं ते म्हणत. मधल्या काळात मी उगाचच जाऊ लागले. आवाज येतोय का बघा, कांडी बघा. त्यांना ते कळत होतं. बॉनेट उघडून बघत, काही नाही म्हणत, आणि मग आम्ही बोलत बसू. कशाविषयी? वांग्याच्या भरताविषयी, तापीच्या पाण्याविषयी, आईच्या ओव्यांविषयी... निघताना ते न चुकता सांगत, "घर या ना कधी, ताई. एक बी पायरी नही." मी म्हणत असे, येईन. पेपर तपासायचे असत, परीक्षा असे, थकवा असे. आणि खरं लिहायचं तर, मास्तरणीनं मिस्तरीच्या खोलीवर जाऊन बसायचं, यात मला काहीतरी अवघड वाटत होतं. पाच-सहा वर्षांत मी एकदाही गेले नाही.

पंक्चरवाल्यानं सांगितलं होतं, मुलगी रविवारी खोली रिकामी करायला येणार आहे. त्याच्याकडून पत्ता घेऊन मी गोडादऱ्याला गेले. खरंच एकही पायरी नव्हती. मंगलनं मला ओळखलं नाही, गाडी ओळखली. दारात उभ्या गाडीकडे बघून तिला रडू फुटलं. म्हणाली, त्या दिवशी मी स्वतः फाटकापर्यंत यायला हवं होतं. नंतर बाबा दोनदा येऊन गेले, जेवून गेले, पण तो विषय कधी निघाला नाही, आणि मलाही काढता आला नाही. मी तिला सांगितलं, परतीच्या वाटेवर ते तुझ्याविषयी एकच वाक्य बोलले, आणि ते वाक्य सांगितलं. ती पदरानं तोंड पुसत राहिली.

खोलीत फार काही नव्हतं. चटई, स्टोव्ह, दोन ताटं, खुंटीवर टोपी. आणि भिंतीला लागून एक लाकडी खुर्ची, हातांची, पॉलिश न उडालेली. तिच्या चारी पायांना खालून लाकडाचे जाड ठोकळे जोडलेले, स्क्रूनं पक्के केलेले, कडा घासून गोल केलेल्या. मंगल तिच्याकडे बघून म्हणाली, "हाई कोनासाठे करेल व्हती, मालूम नही. बाबा त खालेच बसेत. आमना पाय बी टेकतस नही."

बुटक्या खुर्चीतून मला उठता येत नाही. कॅलिपरचा गुडघा लॉक करायला बसण्याची जागा उंच लागते. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मंगल स्टोव्ह पेटवायला वळली, चहा ठेवते म्हणाली. मी खुर्चीवर बसले. मग दोन्ही हातांवर भार देऊन उठून पाहिलं. कुणाचा हात लागला नाही. पुन्हा बसले, आणि चहा होईपर्यंत बसून राहिले...