हातभर पोपट, वीतभर शार्क

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर अक्षराला हसू नका. चौथीनंतर पेन्सिल सुटली, आणि ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं.

नामपूरहून पहाटेची एसटी धरली. मांडीवर गोधडी, वसतिगृहातल्या माझ्या मनीषासाठी. नाशकात गंगापूर रोडला उतरले आणि उलट्याच दिशेला चालत सुटले. कुणाला विचारायची लाज. शेवटी एका फुलवालीनेच हटकलं, गजरा माळला आणि कॉलेजच्या फाटकाशी आणून सोडलं.

आत मुलांनी भरवलेलं प्राण्यांचं प्रदर्शन होतं. दारातच मकाव, म्हणजे परदेशी गरम जंगलातला पोपट. हातभर लांब, लाल-निळा-पिवळा, आणि ओरडणं एसटीच्या ब्रेकसारखं. सगळी गर्दी तिथेच. मी जवळ गेले तर त्याने गजराच ओढला. लोक हसले, मग मीही हसले.

समोरच्या टेबलाशी मनीषा एकटी. तिने खोल समुद्रातला शार्क केला होता. पुठ्ठ्याचा, काळा, वीतभर, पोटाला बारके दिवे. वर पातळ कागद, त्यामागे मंद बल्ब, खाली शार्क टांगलेला. कुणी थांबत नव्हतं. बारापर्यंत असंच राहिलं तर टेबल उचला, पोपटाला जागा लागेल, असं सर बजावून गेले होते. पोरीचा चेहरा एवढासा झालेला.

हा दिवे कुणाला दाखवतो, मी विचारलं.

"कुणालाच नाही गं आई. वरून उजेड येतो, त्यात खालच्या माशांना याची सावली दिसते. पोट उजळलं की सावलीच पुसली जाते. पोपटाचा रंग दिसायला, याचा उजेड लपायला."

पण एवढ्या लख्ख हॉलमध्ये ते कळणार कसं? आमच्या बाजारात उघड्या पाटीवरून गिऱ्हाईक पुढे जातं, झाकलेल्या पाटीशी वाकतं. मी गोधडी उलगडली आणि टेबलासकट सगळ्यावर पांघरली.

एक आजोबा थबकले. "काय आहे आत?"

घाबरून तोंडातून घरची अहिराणीच निघाली, "वाकीसन देखा." (वाकून बघा.)

ते आत शिरले. मनीषाने बटण दाबलं.

"अरे, गेला कुठे हा?" गोधडीतून आवाज आला.

मग रांगच लागली. बाराला सर आले, तेही आत शिरले. बाहेर फक्त बूट. निघाले तेव्हा केस विस्कटलेले. म्हणाले, "पोपट जरा तिकडे सरकवा रे."

परतीच्या एसटीत शेजारणीने विचारलं, नाशकात काय पाहिलं. एरवी मी 'काही नाही' म्हणून खिडकीकडे बघते. सटाणा आलं तरी माझं शार्कपुराण चालूच होतं. पोपटाचं सांगायचं राहूनच गेलं.