टिंबं ऐकणारी मृणाल

रक्तपेढीचं संकेतस्थळ दुपारी बंद पडलं आणि फोन थांबेनात. दुरुस्ती मृणालकडे होती. तिला दिसत नाही; संगणक पडद्यावरची प्रत्येक ओळ तिच्या कानात वाचतो. संकेतस्थळातल्या चुका शोधायला मी लिहिलेला प्रोग्राम निकाल पडद्यावर दाखवायचा तो रंगांत, टिंबांच्या लांबलचक रांगांत. मला तो देखणा वाटायचा.

तिने हेडफोन काढला.

"टिंब, टिंब, टिंब... एवढंच ऐकतेय रे मघापासून. चूक कुठे आहे?"

मी सगळी सजावट पुसली. कुठली फाइल, कितवी ओळ, काय चुकलं, एवढंच ठेवलं. तिने एकदाच ऐकलं आणि दुरुस्त केलं.

वाचायला सोपं म्हणताना मी फक्त माझे डोळे गृहीत धरले होते.

"रोज असंच ऐकायचीस?"

"दोन वर्षं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच हळू आहे."