चार सेकंदांची कृष्णा

शॉट तिसऱ्यांदा परत आला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम काय ते चार सेकंदांचं. ॲनिमेशनपटातली मुलगी कृष्णेच्या घाटावर बसून पाण्यात खडा टाकते, वलयं उठतात, समोर बांधलेल्या नावेचं प्रतिबिंब हलतं. मुंबईच्या दिग्दर्शकाने लिहिलं होतं, 'पाणी खोटं वाटतंय.' का खोटं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

सांगलीत हळदीच्या एका गोदामावरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. आम्ही चौघंजण. आमचे सर म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. नाहीतर पाण्याचे दहाही शॉट पुण्याच्या स्टुडिओकडून करून घ्या म्हणतायत ते. तू मग झाडं कर." दोन वर्षं मी झाडंच करत होते. पाणी मी भांडून मागून घेतलं होतं. ते हातचं गेलं असतं तर पुन्हा कुणी माझ्याकडे दिलं नसतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

लाटांची उंची बदलली. चकाकी कमी केली. प्रतिबिंब मूळ नावेपेक्षा गडद केलं, कारण पाण्यात ते तसंच दिसतं. तरी काहीतरी खटकत होतं. शेवटी शनिवारी सकाळी घाटावर गेले आणि खालच्या पायरीवर बसून एकेक खडा टाकत मोबाइलवर चित्रण करू लागले. गणपती होऊन गेले होते, नदी निवळली होती.

तासाभराने, शेजारी नाव बांधून बसलेले म्हातारे नावाडी वैतागले. "पोरी, कवापासनं दगडं टाकायलीस? पाण्यात काय पडलंय काय तुझं?"

"आवं न्हाई मामा, पाणी बघतीया. कामासाठी." मी त्यांना मोबाइलवर माझा शॉट दाखवला.

त्यांनी दोनदा पाहिला. "ह्ये नदीचं न्हाई. तळ्यातलं हाय."

"नदीच हाय की! घाट बघा, ह्योच हाय."

"घाट ह्योच हाय गं. पर खडा पडला तिथंच गोल बसून ऱ्हायलाय. आता हितं टाक बरं एक."

टाकला. वलय उठलं आणि मोठं होता होता अख्खंच्या अख्खं प्रवाहाबरोबर खाली सरकत गेलं. नावेच्या प्रतिबिंबातून गेलं तेव्हा पाण्यातली नाव मोडली. ते पुढे निघून गेल्यावर नाव पुन्हा होती तिथंच. तासभर मी हेच चित्रित करत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"गाव कंचं तुझं?" मामांनी विचारलं.

"जतकडचं."

"तरीच!" म्हणून ते खो खो हसले. मला रागच आला, पण खरंच होतं; आमच्या दुष्काळी भागात नदी कुठली? लहानपणी पाणी म्हणजे आमची मेंढरं प्यायची तो पाझर तलाव. तिथलं वलय जागच्या जागी मोठं होतं आणि विरतं. नदी काढायला बसले तरी माझा हात तोच तलाव काढत होता.

तशीच उठून स्टुडिओत गेले. वलयांना प्रवाहाचा वेग दिला. पहिल्या खेपेला प्रतिबिंबही वाहून गेलं, नाव एकीकडे आणि तिचं प्रतिबिंब भलतीकडे. पुन्हा केलं. प्रतिबिंब त्या वेगातून सोडवलं, जागेवर ठेवलं, वलय त्याच्यातून जाऊ दिलं. रविवारही त्यातच गेला. सोमवारी सकाळी शॉट पाठवला.

दुपारी सरांच्या मेलवर उत्तर आलं. 'आता कशी नदी दिसली! पुण्याला दिलात ते बरं केलंत, तिथल्या टीमला शाब्बास सांगा.'

सरांनी ते मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "जाऊ दे, शॉट पास झाला ना," आणि आभाराचा मेल लिहायला लागले. मी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः लिहिलं, 'हा शॉट सांगलीत झाला आहे. मी केला आहे. उरलेले नऊही मलाच पाठवा.'

सरांनी वाचायच्या आधीच मी तो मेल पाठवून दिला.