खाकीवर काळा दोरा

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी कागदपत्रं काढावी लागत नाहीत. उलट काही कागद समोर येऊच नयेत असं वाटतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी स्टेशन डायरीत एकच नोंद खोटी केली, आणि ती याच प्रकरणातली आहे. त्या नोंदीमुळे मला बढती मिळाली नाही की माझी चौकशी झाली नाही. कोणाला ती कळलीसुद्धा नाही.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली असताना माझी नेमणूक भिवंडीत झाली होती. एका सोमवारी दुपारी तिशीतला एक विधुर ठाण्यात धावत आला. त्याची पाच वर्षांची मुलगी चाळीतून नाहीशी झाली होती. बायको गेल्यावर त्याने मुलीला आजी-आजोबांकडे, म्हणजे सासू-सासऱ्यांकडे ठेवलं होतं. आता त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि मुलीला घेऊन तो तेलंगणात गावी निघाला होता. शुक्रवारची गाडी होती. मूल अल्पवयीन असल्यामुळे नियमाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

संध्याकाळच्या आत खबर मिळाली. आमच्या एका खबऱ्याने सांगितलं, सकाळी दहाला चहाच्या टपरीवर मुलगी एका पॉवरलूम कारागिरासोबत दिसली होती. हा कारागीर परप्रांतातून आलेला, चाळिशीचा, कारखान्याच्या माळ्यावर एकटाच राहणारा. आम्ही पोहोचेपर्यंत चाळीतल्या लोकांनी त्याला धरून बडवलं होतं. त्याचा डावा हात सुजला होता. त्याला आम्ही जमावाच्या हातून सोडवलं आणि आत टाकलं. तेव्हा मला हे दोन्ही सारखंच योग्य वाटलं होतं.

चौकशीत आधी तो म्हणाला, मुलीला पाहिलंच नाही. मग टपरीवाल्याचा जबाब वाचून दाखवल्यावर म्हणाला, पाहिलं, बिस्किट दिलं.

"मग आधी खोटं का बोललास?"

"डर गए साहब. सब मार रहे थे."

"रोज बिस्किट देतोस?"

"कभी-कभी. हमारी भी एक है गाँव में, इतनी ही."

पोलिसाच्या कानाला असली उत्तरं फार ओळखीची असतात. खोटं बोलून सापडलेला, एकटा राहणारा, दुसऱ्याच्या मुलीला खाऊ देणारा माणूस. माझ्या हवालदाराने तर प्रकरण तिथेच मिटवून टाकलं. "साहेब, फॅमिली नसलेला माणूस, अजून काय पाहिजे?" असं तो माझ्यासमोर म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण फॅमिली मलाही नव्हती. मंगळवारी न्यायालयाने कारागिराला चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल. माझी बायको सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातली. मी तिथे नवीन फौजदार असताना आमचं जमलं. तिच्या माहेराने नाव टाकलं ते कायमचं. घरात बोलायला तिच्या भाषेचं दुसरं माणूस नव्हतं म्हणून तिने मला शिकवलं. सव्वीस वर्षं आम्ही घरात तेलुगूच बोललो. माझे उच्चार ऐकून तिला इतकं हसू यायचं की तिने मला बजावलं होतं, "बाहेर कुठे बोलू नका, माझी अब्रू जाईल." मी ते पाळलं. खात्यात कोणालाही माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. भिवंडीत येण्याआधी तीन वर्षं ती गेली, आणि तिच्याबरोबर माझ्या घरातून ती भाषाही गेली.

बुधवारी दुपारी मुलीचा बाप आमच्या दोन शिपायांबरोबर कोन गावापासून राहनाळपर्यंत गोदामं पालथी घालत फिरत होता. आजी-आजोबा माझ्या खोलीतल्या बाकावर बसून होते. आजोबांचं आयुष्य लूमवर गेलेलं, आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. लूमवाल्या माणसांना कुजबुजता येत नाही. खडखडाटात जन्मभर ओरडून बोललेलं असतं आणि कान निम्मे गेलेले असतात. आपण अगदी हळू बोलतोय असं त्यांना मनापासून वाटतं आणि शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातं. त्यातून पोलीस म्हणजे मराठी आणि हिंदी, त्याला तेलुगू कुठून कळणार, हा हिशेब.

चार वाजले होते. मी फाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो.

"ह्याला बायको नाही," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खिशाचं बटण बघ. खाकीवर काळा दोरा. बाई घरात असती तर असं शिवू दिलं असतं का?"

माझा हात खिशाकडे जाणार होता, तो मी आवरला. बटण मीच शिवलं होतं. घरात तेवढाच दोरा सापडला होता.

आजीने मला बराच वेळ न्याहाळलं असावं. मग ती म्हणाली, "सकाळपासून चार वेळा चहा मागवला, एकदाही पुरता प्यायला नाही. चहा आणणाऱ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मागवतो. पापम." पापम म्हणजे बिचारा. माझी बायको भटक्या मांजरालाही पापम म्हणायची आणि तापात पडलेल्या मलाही.

तीन वर्षांत माझ्याबद्दल कोणी एवढं बारकाईने बोललं नव्हतं. वरिष्ठ माझ्या कामाबद्दल बोलायचे, हाताखालचे माझ्या रागाबद्दल. मी पान उलटायचंही विसरून गेलो.

आणि मग, त्याच आवाजात, आजी म्हणाली, "आणि तो आतला. आपल्यापायी मार खाल्ला त्याने. त्याचा हात बघितलात?"

"दोन दिवस कळ काढ," आजोबा म्हणाले. "लग्न तोंडावर आहे, शुक्रवारी जावयाला जावंच लागेल. तो गाडीत बसला की पोरीला आणू. सापडली म्हणून सांगू. मग त्याला सोडतीलच."

"ह्या साहेबाला सांगून टाकू का?"

"ज्याला लेकरू नाही त्याला काय कळणार? सांगितलंस तर पोरगी उद्याच बापाच्या हवाली."

एवढं पुरेसं होतं. मुलगी सुखरूप होती, त्यांनीच लपवली होती, आणि कोठडीतला माणूस निर्दोष होता. मी तिथल्या तिथे उठून विचारायला हवं होतं.

मी उठलो नाही. मुलगी कुठे आहे ते यांच्या तोंडून आपोआप निघू दे, विचारलं तर सावध होतील, असं मी स्वतःला सांगितलं. तपासाच्या दृष्टीने ते ऐकायला ठीक वाटतं, म्हणून तर मी ते सांगितलं. खरं कारण असं की, मी तोंड उघडलं असतं तर ते दोघे गप्प झाले असते. मला ते नको होतं. मी त्यांच्यासाठी भजी मागवली. सहा वाजेपर्यंत ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. पाण्याचा नळ, गुडघेदुखी, मेलेली लेक आणि अधूनमधून मी. माझ्या पांढऱ्या मिशीवर आजीने केलेली थट्टा तर मी आजही सांगणार नाही. मुलीचा ठावठिकाणा एकदाही निघाला नाही.

सहाला मी त्यांना हिंदीत सांगितलं, कल दस बजे आना. जाताना लॉकअपवरून गेलो. कारागीर सुजलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. मला पाहून उभा राहिला. मी थांबलो नाही.

गुरुवारी साडेदहाला ते दोघे येऊन बसले. जरा वेळाने आजी म्हणाली, "आज तर दाढीही केली नाही ह्याने." खरं होतं. मला झोपच लागली नव्हती. मी फाईल मिटली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"अव्वा, पिल्ल एक्कडुंदि?"

आजी, पोर कुठे आहे, एवढाच प्रश्न. आजोबांच्या हातातली पिशवी खाली पडली. आजीचा चेहरा पांढराफटक झाला. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खिशाच्या बटणाकडे, आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मिनिटभराने हिंदीत म्हणाली, "अंजूर में है साब. भाजीवाली के पास."

एक प्रश्न आणि एक मिनिट लागलं. आदल्या दिवशी चार वाजताही तेवढंच लागलं असतं.

अंजूर गावातली ती बाई वर्षानुवर्षं चाळीत भाजी विकायला येणारी, आजीची मैत्रीण. आमची गाडी बघून ती अंगणातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरगी हाय माझ्याकडं. पलवली न्हाय, ठेवली हाय. आजीचा जीव हाय तिच्यावर, तुमाला काय ठावं?" मुलगी ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. महिला पोलीस आणि पंचांसमक्ष तिला ताब्यात घेतलं आणि बाल कल्याण समितीपुढे हजर केलं. आजी-आजोबांचं म्हणणं मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. बाप समितीपुढे रडला. नवीन घरात पोरीला कसं होईल याची त्यालाही धास्ती होतीच, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. शेवटी मुलगी आजीकडेच राहिली.

ठाण्यात परतल्यावर मी डायरी ओढली आणि लिहिलं: आज रोजी अकराच्या सुमारास खात्रीलायक माहिती मिळाली. ती माहिती काल दुपारी चारला मिळाली होती. न्यायालयात अहवाल देऊन कारागिराची सुटका करून घेतली. त्याच्या वस्तू मी स्वतः परत केल्या: एक मोबाईल, एक कंगवा, बिस्किटांचा अर्धा पुडा.

पुडा खिशात ठेवत त्याने विचारलं, "साहब, आपको कब पता चला?"

"आज सुबह."

"तब ठीक है," तो म्हणाला. "हम रात भर यही सोचते रहे, किसी को तो पता होगा. पता होता तो छोड़ देता न."

मी मान हलवली.

आजी नंतर एकदा ठाण्यात आली. खाकी दोऱ्याची भरलेली कांडी टेबलावर ठेवली. मी तेलुगूत म्हटलं, बसा. ती उभ्यानेच "नहीं साब, जाती हूँ" म्हणाली. तिची भाषा माझ्यासमोर पुन्हा कोणी बोललं नाही.

एकट्या माणसावर संशय लवकर बसतो, हे मी या प्रकरणात पाहिलं. माझ्या हवालदाराला तो आला, चाळीला आला, मलाही आला. पण एकटेपणा माणसाकडून काय करवून घेतो, हे मला कोठडीतल्या माणसाकडे बघून नाही कळलं. दोन तास कोणाचा तरी आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी एका निरपराध माणसाची एक रात्र खर्च केली. आणि तीही माझ्यासारख्याच एकट्याची.

निवृत्त झाल्यावर खरं सांगायला मी त्याच्या कारखान्यात गेलो होतो. तो काम सोडून गावी गेला होता. गावाचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि खात्याकडून पत्ता काढण्याची हिंमत मी केली नाही. म्हणून हे इथे लिहिलं. त्याला मराठी वाचता येत नाही, जबाबावर सही घेताना मीच त्याला तो वाचून दाखवला होता. त्याला कळणार नाही अशा भाषेत मी त्याच्याबद्दल बोलतो आहे, हे मला ठाऊक आहे.